ती माझ्या कपाळाकडे बघायची

आमची मुलगी तीन आठवड्यांची झाली तोपर्यंत माझी जवळजवळ खात्री पटली होती की ती माझ्याकडे बघत नाही.

बाकी सगळं वेळच्या वेळी होतं. रडायची, प्यायची, झोपायची. पण पाजताना मी तिच्याकडे टक लावून बसलेली असायचे आणि तिची नजर माझ्या डोळ्यांवरून घसरून कपाळाकडे जायची, तिथे जराशी चाचपडायची आणि मग खिडकीच्या ग्रिलवर जाऊन थांबायची. ग्रिलकडे मात्र ती पाच-पाच मिनिटं बघायची. काळे गज आणि मागे पांढरा उजेड. त्यात काय होतं कोण जाणे.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी "झालं, चालतंय" म्हटलं की ते चालत नाही असं धरून कामाला लागायचं, हीच माझी नोकरी. त्यामुळे रजेवर असले तरी सवय कुठे जाणार? मी फोनमध्ये नोंदी ठेवायला लागले. सकाळी सव्वासात, नजर कपाळावर. अकरा वाजता, ग्रिल. दुपारी, पंखा. नवरा संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला की मी त्याला ते वाचून दाखवायचे.

"अगं, तीन आठवड्यांची आहे ती," तो म्हणायचा. "अजून बीटा व्हर्जन पण नाहीये. कसले बग काढतेस?"

तो हसायचा, पण माझ्या पाठीमागे तोही तिच्या डोळ्यांसमोर बोट फिरवून बघतो, हे मला माहीत होतं.

बाळंतपणासाठी माझी आई आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर राहायला आली होती. तिने येताक्षणी घराचा ताबा घेतला होता. पंखा मंद, खिडक्या अर्ध्या, आणि माझ्या डोक्याला सुती स्कार्फ, भुवयांपासून मानेपर्यंत घट्ट. कानात हवा जाऊ नये म्हणून. तिच्यासमोर मी नोंदींचा विषय काढला तेव्हा ती वरणाला फोडणी देत होती.

"तुमच्या ऑफिसात बाळंही तपासायला येतात का?" एवढंच म्हणाली.

हे सगळं मी सोडूनही दिलं असतं. पण मुलगी मालिशवाल्या मावशींकडे बघायची.

मावशी धायरीहून यायच्या, रोज साडेनऊला. पन्नाशीच्या पुढच्या, काळ्याभोर केसांचा तेल लावून चापून बसवलेला भांग आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाथरूममध्ये पाटावर बसून पाय लांब करायच्या, मुलीला नडग्यांवर उताणं घ्यायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. "हवा लागती," म्हणायच्या. दार लोटायच्या आधी मला दिसायचं ते एवढंच, की मुलगी डोळे मोठे करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघते आहे. ग्रिलकडे बघावं तशी. त्याहूनही जास्त.

आंघोळीनंतर ती सलग तीन-साडेतीन तास झोपायची. नव्या आयांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की काही बायका बाळाला अफू चाटवतात, मग ती शांत राहतात आणि त्या बाईचीच होतात. मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. माझ्या मुलीचे डोळे झोपताना अर्धवट उघडे असायचे. मावशींच्या कनवटीला एक छोटी डबी असायची. आत काय असतं विचारलं तर त्यांनी मला मिश्रीने काळे झालेले दात दाखवले. मी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही.

"आंघोळीनंतर सगळीच बाळं झोपतात," आई म्हणाली. "तूही झोपायचीस. तुलाही मी अफू देत असणार."

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मावशी यायच्या आधी मी बाथरूममधल्या फळीवर, शाम्पूच्या दोन बाटल्यांच्या मधे फोन उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बाहेर येऊन पलंगावर बसले. आत त्या काहीतरी बोलत होत्या, पाण्याच्या आवाजात शब्द कळत नव्हते. पंचवीस मिनिटांनी त्यांनी हाक मारली, मी जाऊन मुलीला घेतलं, त्या मला मालिश करून गेल्या आणि मग मी खोलीचं दार लावून ते सगळं पाहिलं.

वाफेमुळे चित्र मधूनमधून धूसर होत होतं. डबी एकदाही बाहेर आली नव्हती. तेल, डाळीचं पीठ, कोमट पाणी, बस. मावशी तिच्या चेहऱ्यावर वाकून बोलत होत्या. "आ कर. आऽऽ. कोन आलंय? मी आलीया." मग त्या गप्प व्हायच्या आणि वाट बघायच्या. किती वाट बघायच्या! मला वाटायचं, आता त्या कंटाळून पुढचं पाणी घेतील. पण नाही. डोळे तिच्या डोळ्यांत, भुवया जरा उचललेल्या, हात स्थिर. आणि बऱ्याच वेळाने मुलीचं तोंड हळूहळू उघडायचं, गोल व्हायचं, आवाज न करता. "आस्सं," मावशी म्हणायच्या, जणू तिने मोठं वाक्य पूर्ण केलं होतं.

एकदा त्यांनी मान वळवून बादलीकडे पाहिलं. मुलीची नजर लगेच भरकटली. त्या परत वळल्या आणि तिच्या चेहऱ्यावर वाकल्या, नजरही परत आली.

आणि एकदा त्यांनी मान वर करून सरळ फोनकडे पाहिलं. दोन-तीन सेकंद. मी पलंगावर बसल्या जागी मागे सरकले. मग त्या खाली वाकल्या आणि पुन्हा "आ कर" म्हणाल्या, त्याच आवाजात.

रेकॉर्डिंगच्या शेवटी दार उघडून मी आत आले. मला मी ओळखूच आले नाही. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं, मधे सुजलेले डोळे, आणि ते डोळे मुलीकडे नव्हते. मी मुलीला हातात घेत होते आणि फळीवरच्या फोनकडे बघत होते.

तरीही माझा संशय गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. मावशी ठीक आहेत, तर मग तिच्या डोळ्यांतच दोष असणार. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. वयस्कर बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. मी नोंदी वाचायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"डोक्याला हे कधीपासून बांधलंय?"

"घरी आल्यापासून."

"आणि हॉस्पिटलमध्ये?"

"तिथे मोकळे होते केस. चार दिवस."

"सोडा."

शेजारी बसलेल्या आईने श्वास आत ओढला. मी गाठ सोडली. डॉक्टरांनी मुलीला माझ्या हातात आडवं धरायला लावलं आणि माझी कोपरं वर ढकलत अंतर वीतभराहून थोडंच जास्त ठेवलं. "एवढ्यावरचं तिला बऱ्यापैकी दिसतं. त्यापलीकडे सगळं पुसट. आता बोलू नका, हलू नका, फक्त बघा."

मुलीने आधी ट्यूबलाइटकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्या केसांपाशी आली आणि तिथे अडकली. केस संपून कपाळ सुरू होतं त्या रेषेवरून ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेली. परत आली. मग खाली उतरली आणि माझ्या डोळ्यांत थांबली.

"या वयात चेहऱ्याची कड त्यांना आधी कळते," डॉक्टर म्हणाल्या. "काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं. चार दिवसांत तिने तुमची कड पाठ केली आणि घरी नेल्याबरोबर तुम्ही ती झाकून टाकलीत. बिचारी कपाळावर रोज शोधत असेल."

"पण ती केसांकडे बघतेय," मी म्हणाले. "माझ्याकडे नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सध्या तुमचे केस म्हणजेच तुम्ही. समजून घ्या."

रिक्षात आई खिडकीबाहेर बघत बसली होती. "माझ्यामुळे पोरीने आईला ओळखलं नाही, असं म्हण की सरळ," ती म्हणाली. मी तसं म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. घरी आल्यावर तिने मला कापसाचे दोन बोळे दिले, कानात घालायला. स्कार्फ धुऊन, घडी करून कपाटात ठेवला आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

त्यानंतर मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मावशींसारखी वाट बघायला शिकले. पहिल्यांदा तिने माझ्या "आ"ला तोंड उघडलं तेव्हा मला ती जांभई वाटली. दुसऱ्यांदाही वाटली. सातव्या आठवड्यात ती हसली, आणि आई "हसली गं!" म्हणून ओरडली, तरी मी तिचं पोट चाचपून वात तर नाही ना, ते बघितलं.

सव्वा महिना होऊन गेल्यावरही मावशी काही दिवस येत राहिल्या. त्यांच्या शेवटच्या दिवशी आईने त्यांना साडी दिली, मी ओटी भरली. त्या चप्पल घालत असताना मी म्हणाले, "मावशी, एक सांगायचं होतं. मी एकदा आत फोन ठेवला होता."

"म्हाईत हाय की. शाम्पूच्या बाटलीमागं."

"तुम्हाला कळलं होतं? मग काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही काय पयल्या न्हाई. एका घरी तर खेळण्यातल्या अस्वलात क्यामेरा बशिवला हुता." त्यांनी पदर खोचला.

"राग नाही आला?"

"आला. का न्हाई यायचा? तीस वर्सं झाली हे करतीया." त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "पन लेकरू मांडीवर असताना राग तोंडावर आनून चालत न्हाई, ताई. त्याला दुसरं काय वाचाया येतं? आपलं तोंडच तेवढं."

मी माफी मागितली. त्या "असू द्या" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. माफ केलं की नुसतंच म्हणाल्या, ते मला आजही सांगता येणार नाही.

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा माझी रजा आणि वाढवून घेतलेली रजा, दोन्ही संपत आल्या. मी तिला कडेवर घेऊन आमच्याच गल्लीतल्या एका पाळणाघरात चौकशीला गेले. चालवणाऱ्या बाई तिशीतल्या होत्या, नीटनेटक्या, फारच गोड बोलणाऱ्या. मी त्यांना बरंच काही विचारलं. खिडक्यांना जाळ्या आहेत का, दूध कोण तापवतं, कॅमेरा आहे का. त्या सगळ्याला हसून उत्तरं देत होत्या आणि मला ते हसणं आवडत नव्हतं.

मग त्यांनी हात पुढे केले. "ये गं, येतेस माझ्याकडे?"

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हात, बांगड्या, चेहरा. मग तिने वळून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबली. रडली नाही, हसली नाही, नुसती थांबली. मला कळलं की ती विचारते आहे. मी घाईघाईने तोंडावर हसू आणलं, गाल दुखेपर्यंत. तिने ते हसू पाहिलं, त्याच्या वर माझे डोळे पाहिले, आणि तोंड वाकडं करून माझ्या खांद्यात डोकं खुपसलं.

"नवीन जागा आहे ना," मी म्हणाले. "होईल सवय."

"हो, होते की," त्या बाई म्हणाल्या. पण त्या मुलीकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि आता त्या हसत नव्हत्या.

सोमवारपासून मी तिला तिथेच ठेवलं. पहिले पंधरा दिवस मी दारापर्यंतही गेले नाही, तिने माझं तोंड वाचू नये म्हणून. नवरा सोडायला जायचा.