शहाळ्याचं पाणी

कॅरिबियन किनाऱ्यावरच्या त्या गावात सकाळपासून आम्हाला जुना किल्ला, दीपगृह आणि रंगीत घरांची गल्ली दाखवून झाली होती. मी सगळीकडे उतरले, सांगतील तिकडे पाहिलं आणि बसमध्ये येऊन बसले. एखादी जागा बघण्यासारखी आहे, हे बहुधा शेजारचं माणूसच ठरवतं. सहल आम्हा दोघांची ठरली होती. त्याआधीच हे गेले. लेक म्हणाली, "आई, तू तरी जाऊन ये."

दुपारी धक्क्यावर एका म्हाताऱ्याकडून शहाळं घेतलं. पाणी पिऊन झालं की तो शहाळं फोडायचा आणि सालीचाच चमचा करून द्यायचा. मी ते हातात धरून उभीच राहिले. आमच्याकडे पाणी ह्यांचं आणि मलई माझी, अशी एकतीस वर्षांची वाटणी.

"फोडून द्या," मी म्हणाले.

त्याने शहाळं हलवून पाहिलं. "भरलेलं आहे, बाई. आधी कुणीतरी प्यायला हवं."

मागे बसचा हॉर्न वाजला. मी शहाळं तोंडाला लावलं. त्यात इतकं पाणी असतं, मला ठाऊकच नव्हतं.