उंदराच्या लग्नाच्या अक्षदा

गोजरआत्याला गाणं सुचायचं तसं आमच्या अंतरवालीत कुणालाच सुचत न्हवतं. लग्नाचा घाणा भरताना बाया हळकुंडं कुटतात, जात्याला, मुसळाला हळदीचा दोरा बांधतात आन एकेकाला गाण्यातून लग्नाला बोलावतात. ती गाणी सगळी आत्याची. पण गायची माझी चुलती, द्वारकाकाकू. आत्या तरणीताठी असतानाच विधवा होऊन भावाच्या घरी आल्ती ना! मंग घाण्याला तिचा हात चालत न्हाई, आवाजबी चालत न्हाई. तिनं आदल्या दिवशी काकूला ओळी शिकवायच्या आन घाण्याच्या वक्ताला मागं गोठ्यात जाऊन बसायचं. रीत म्हणे! माझं तर डोकंच फिरायचं.

माझी माय मी रांगत होते तव्हाच गेली. मला वाढवलं आत्यानं. म्हणून माझं लगीन ठरलं तसा मी धोशाच लावला, घाण्याला आत्याच गाईल. काकू म्हणाली, बिलकुल न्हाई, पोरीच्या संसाराला नाट लागंल. त्या दिवसापासून आत्या जात्यावर बसली तरी ओवी म्हणंना.

बस्ता बांधायला आम्ही जालन्याला गेलो. तव्हा निजामाचं राज्य होतं. काकूजवळ अक्षदांची पिशवी होती, सोयऱ्यांना बोलावणं अक्षदा देऊनच करायचं असतं. कामं उरकली तसा माझा भाऊ भुजंग म्हणला, स्टेशनाकडं तंबूत बोलपट लागलाय, चला. तो गडीमाणसांत बसला, मी, काकू आन आत्या बायकांत.

बोलपटाआधी एक लहान चित्र लावलं. त्यात माणूस एकबी न्हाई. सगळी हातानं काढलेली चित्रं, आन ती चालून राह्यली, गाऊन राह्यली! स्वयंपाकघरात उंदराचं लगीन. किटली वाफ सोडत सूर धरते, चमचे ताटलीवर नाचतात, झाडू गिरकी घेतो, एवढीशी नवरी शेपटी सावरत येते. भाषा इंग्रजी, एक शब्द कळंल तर शपथ. पण गाणं! एक ओळ किटली म्हणायची, तीच चमचे भरभर उचलायचे, आन तीच नवरीच्या तोंडी आली की एकदम हळू व्हायची. पाय पडला की ठेका, ठेका पडला की पाय. मी तर आ वासून बघत होते.

आत्या माझ्या मांडीवर ठेका धरून होती. तिचे डोळे भरून आल्ते. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तारे, ज्यानं हे काढलं ना, त्यानं आधी गाणं म्हणलं आसंल. मनात गाणं असल्याबिगर हात असा चालतच न्हाई."

नवरानवरी समोरासमोर उभे राह्यले, गाणं चढलं, सगळी भांडी वाजायला लागली. आन काकूनं, रीतभात सांभाळणाऱ्या आमच्या काकूनं, पिशवीत हात घालून मूठभर अक्षदा थेट पडद्याकडं फेकल्या! पुढच्या बाया डोकी झटकून मागं बघायला लागल्या. काकूला भान कुठलं? लगीन लागून राह्यलंय, अक्षदा टाकायच्या, एवढंच तिला कळत होतं. तिनं माझ्या हातात दिल्या, आत्याच्या हातात दिल्या.

"टाका की वन्सं, लगीन लागलं."

आत्या हाताकडं बघत राह्यली. विधवा झाल्यापासून कुणी तिच्या हातात लग्नाच्या अक्षदा ठेवल्या न्हवत्या. मंग तिनं टाकल्या, आन रडत रडत हसली. पुढं मांजर आली, किटलीनं तिच्यावर वाफ सोडून पळवली, आन उंदरं सुखानं नांदायला लागली.

दिवे लागले तशी काकू भानावर आली. बोलपट संपून गावाकडं येताना बैलगाडीत ती अक्षदांची पिशवी चाचपत राह्यली. आत्या मात्र गुणगुणत होती.

घाण्याच्या दिवशी बाया जमल्या. काकूनं मुसळ उचललं आन परत खाली ठेवलं. गोठ्याकडं तोंड करून म्हणाली, "वन्सं, या. तुमच्या अक्षदांनी उंदराच्या संसाराला नाट लागली न्हाई, आपल्या पोरीलाबी लागायची न्हाई."

दोन-चार म्हाताऱ्या पुटपुटल्या. काकूनं डोळे वटारले तशा गप बसल्या.

आत्या आली, हात पुसले, मुसळ धरलं. शब्द सगळ्यांना पाठ होते, काकूच्या तोंडून जल्मभर ऐकलेले. पण काकू जिथं घाईनं पुढं जायची, तिथं आत्या थांबली, आन मुसळबी तिच्याबरोबर वरच थांबलं. मंग सूर आन मुसळ संगटच खाली आले. ते गाणं असं होतं, हे आम्हाला तोवर ठाऊकच न्हवतं.