टेलच्या गावांची बारी

अधिवेशन सुरू झालं की माझे वडील मुलुंडला माझ्याकडे मुक्कामाला यायचे, आणि ते आले की आमच्या घरात कुणी धड झोपायचं नाही. आबा आमदार. आमदार निवासात त्यांना खोली होती, पण तिथे मतदारसंघातली माणसं पथाऱ्या टाकून असायची. कुणाच्या बायकोचं ऑपरेशन, कुणाची मंत्रालयात अडकलेली बदली. आबा त्यांना म्हणायचे, "तुम्ही पडा निवांत, मी लेकीकडं जातो." आणि लेकीकडे येऊन स्वतः निवांत पडतील तर शपथ! पहाटेपासून गॅलरी ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते गॅलरी. उजाडलं की खाली जाऊन सोसायटीच्या बागेत पाइप सोडायचे. एकदा सगळ्या बागेचा चिखल करून ठेवला, सेक्रेटरी तणतणत वर आले. माझ्या सासूबाई बँकेतून रिटायर झालेल्या, जन्म मुलुंडमध्ये गेलेला, बोलायला एकदम रोखठोक. म्हणाल्या, "अगं, तुझ्या आबांना सांग, इथे ऊस लावायचा नाहीये." आबा हसले, पण फेऱ्या चालूच.

त्यांची ही तगमग मला लहानपणापासून माहीत आहे. शेतात असताना ते असे नव्हते. आधी सरपंच झाले, मग पंचायत समिती, मग मार्केट कमिटी, आणि एकदा सपाटून पडल्यावर दुसऱ्या खेपेला आमदार. प्रत्येक पायरीला त्यांची झोप थोडी थोडी कमी होत गेली. आई म्हणायची, "नांगर सोडला आणि माणूस बिघडला." शेवटच्या त्या अधिवेशनात मात्र तगमगीला कारण होतं, आणि ते घरात सगळ्यांना पाठ होतं. टेलची गावं.

टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. कालव्याला पाणी सुटतं तेव्हा वरची गावं आधी भिजवतात, आणि शेवटच्या गावांपर्यंत पाणी पोचेस्तोवर फुटक्या चारीत, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या पाटात, ते जिरून जातं. आमचं गाव मधलं, आमचं भागतं. पण आबांना निवडून दिलं ते टेलच्या गावांनी. तिकडच्या मतांशिवाय ते दुसऱ्या खेपेलाही पडले असते. आबांनी मारुतीच्या पारावर उभं राहून सांगितलं होतं, चारी पक्की करून देतो, नाही दिली तर मत मागायला येणार नाही. चार वर्षं त्यांनी मंत्रालयाचे जिने झिजवले आणि हाती काही लागलं नाही. शेवटी एकदाची त्यांची लक्षवेधी लागली. म्हणजे आमदाराने सभागृहात विषय काढायचा आणि मंत्र्याने तिथल्या तिथे उभं राहून उत्तर द्यायचं. मंत्री एकदा "करतो" म्हणाले की ते नोंदलं जातं, मग मागे हात धुऊन लागता येतं. ती लागली अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी, आणि पुढे निवडणूक.

त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. सभागृहाचं कामकाज मोबाइलवर थेट दिसतं. ओट्यावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि सासूबाई आणि मी समोर उभ्या. त्या भेंडी चिरत होत्या, मी नुसतीच इकडून तिकडे. "तूही आबांसारखीच गं," त्या म्हणाल्या. "बस की जरा एका जागी!" पण मला कुठलं बसवतंय!

आबांची लक्षवेधी पुढची होती. मला पडद्यावर त्यांची टोपी दिसत होती, हातातले कागद दिसत होते. ते उठायच्या बेतात होते आणि शेजारच्या बाकावरचा एक तरुण आमदार त्यांच्याकडे वाकला. काहीतरी कानात बोलला, हात जोडले. आबांनी मान हलवली. मग तो उठून अध्यक्षांच्या आसनाकडे गेला, खुसपुसला, आणि अध्यक्षांनी आबांकडे बघितलं. आबांनी हात पुढे करून दाखवला, आधी यांचं होऊ द्या.

"अहो आबा! काय करताय? बसू नका!" मी मोबाइलवर ओरडले. सासूबाईंच्या हातातली सुरी थांबली.

तो तरुण बोलायला उभा राहिला. त्याचा विषय त्याच्या शहरातल्या एका जमिनीचा. दोन मिनिटं बरी गेली, मग समोरच्या बाकांवरून कुणीतरी काहीतरी ओरडलं, मग सगळेच उठले. कागद उडाले, घोषणा सुरू झाल्या. अध्यक्षांनी एकदा कामकाज थांबवलं, परत सुरू केलं, परत तेच. शेवटी राष्ट्रगीत झालं आणि अधिवेशन संपलं. आबा हातात कागद तसेच धरून उभे होते. मी मोबाइल पालथा घातला. वाट लागली होती सगळी.

संध्याकाळी सातच्या सुमाराला ते घरी आले. चप्पल काढायच्या आधीच मी सुरू झाले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला दानशूर व्हायला?"

"अगं, त्याचे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतायत. त्याला निघायचं होतं. म्हणाला, आबा, माझं आधी होऊ द्या, पाया पडतो."

"म्हणून दिलंत?"

"आता मागितल्यावर नाही म्हणायचं असतं व्हय?"

हे त्यांचं मला पाठ होतं. आमच्याकडे पाण्याची बारी असते, ज्याची त्याची ठरलेली वेळ. पण शेजाऱ्याचं पीक जळायला लागलं असेल तर आपली बारी त्याला द्यायची, तो पुढच्या खेपेला परत करतो. ना लिहिणं, ना साक्षीदार. नाही म्हणणाऱ्याशी गावात कुणी बोलत नाही. आबांनी आयुष्यभर तेच केलं. मी लहान असताना आमचा कांदा माना टाकत होता आणि आबांनी बारी भावकीतल्या एकाला दिली होती. आई दोन दिवस बोलली नव्हती. त्याने परत केली, कांदाही जगला. म्हणून आबांना वाटलं, इथेही तसंच असतं.

"पुढच्या वेळी देईल की तो," आबा म्हणाले. "पोरगा चांगला आहे."

"पुढची वेळ आहे कुठे? निवडणूक आहे आता! तुम्ही असाल का तिथे, तो असेल का?" मला इतका संताप आला होता की तोंडाला येईल ते बोलत होते. "आणि आबा, आपल्या शेताची बारी तुम्ही दिलीत तर आपला कांदा जळतो. ही आपली होती का? ही टेलच्या गावांची होती. त्यांना विचारलंत?"

माझा आवाज पार आतपर्यंत गेला. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. आबा सोफ्यावर बसले. त्या वर्षांत मी त्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. चेहरा उतरला होता. मला वाटलं, जरा जास्तच बोललो आपण, पण शब्द मागे घ्यावेसे काही वाटले नाहीत.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांना नीट ऐकू यायचं नाही म्हणून स्पीकर लावायची सवय. टेलच्या सगळ्यात शेवटच्या गावातल्या माणसाला लावला. निवडणुकीत आबांच्या गाडीत पुढे बसून गावोगाव फिरलेला माणूस.

"आबा, आम्ही सगळे देवळात मोबाइल लावून बसलो होतो, अजून इथंच आहोत," तिकडून आवाज आला. "दंगा झाला आणि तुमचं राहिलं. सरकारच नालायक!"

सुटायला किती सोपं होतं! "होय रे" एवढंच म्हणायचं. माझ्या मनात आलं, म्हणा आबा, म्हणा, इतकं तर प्रत्येक आमदार म्हणतो.

"सरकारचं नाही," आबा म्हणाले. "नंबर आपला होता. मी दुसऱ्याला दिला. तुम्हाला न विचारता दिला. चुकलं माझं."

 देवळातल्या माणसांची कुजबुज ऐकू येत होती, कुणीतरी खोकलं. मग तो म्हणाला, "बरं. जेवलात का आबा?"

"जेवतो आता."

"जेवा. दिवसभर उपाशी असाल."

फोन ठेवल्यावर आबांनी दोन घास खाल्ले असतील नसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावी निघाले. त्यांना सोडायला मी खाली गेले. "रागावू नको," म्हणाले. मी गाडीचं दार जोरात लावलं.

पुढे निवडणूक झाली. पारावर दिलेल्या शब्दाला जागून आबा टेलच्या गावांत मत मागायला गेले नाहीत. पक्षातले लोक डोकं आपटत होते, हात जोडून तरी या, माणसं विसरतात. आबा ऐकेनात. तो तरुण आमदार तिकडे त्याच्या शहरात मोठमोठे बोर्ड लावून फिरत होता. त्याचा एक फोनही आला नाही.

मतमोजणीच्या दिवशी मी परत घरी. सकाळपासून आबा पुढे होते, प्रत्येक फेरीला थोडे थोडे पुढे. दुपारी सासूबाईंनी पेढे आणायला माणूस पाठवायचं ठरवलं. मी म्हटलं, "थांबा आई, शेवटच्या फेऱ्या टेलच्या आहेत." त्या दोन फेऱ्यांत सगळं गेलं. जिथे मागच्या वेळी ढीगभर मतं होती तिथे आबांच्या नावापुढे अगदीच थोडी. आबा पडले.

मी फोन लावला. मागे गडबड होती, पण आबांचा आवाज शांत होता.

"आबा, ज्यांच्यासाठी एवढं केलंत, त्यांनीच पाडलं की हो तुम्हाला!"

"त्यांचं काय चुकलं? मी त्या गावात असतो तर मीही मला मत दिलं नसतं."

"मला नका सांगू हे!" मी किंचाळलेच. "मला नको बरोबर आणि चूक. मला तुम्ही जिंकायला हवे होतात!"

 मी फोन कानाला धरून ढसाढसा रडत राहिले. आबांनी फोन ठेवला नाही.