जिन्यातल्या डब्याचा बॅकअप

वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत जिन्याखाली, मीटरच्या फळीशेजारी, एक प्लास्टिकचा डबा खिळ्याला टांगलेला आहे. पूर्वी त्यात मी रवा ठेवायचे. आता त्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर आहे. त्याला पडदा नाही की कीबोर्ड नाही. नुसती हिरवी पाटी, तिच्यावर दोन बारीक दिवे, आणि कडेला खाचेत नखाएवढं एक कार्ड. माझ्या नवऱ्याने निवृत्त झाल्यावर तो बसवला. डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मोजमापाची यंत्रं सांभाळली. घरी बसल्यावर हाताला काही काम हवं होतं, आणि आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी रोज भरून वाहत होती. मग त्यांनी टाकीत वायर सोडली, ती खालपर्यंत आणली आणि डब्याला एक स्पीकर जोडला. टाकी भरली की डबा बोलायचा, “टाकी भरली आहे. पंप बंद करावा.” आवाज ह्यांचाच. स्वयंपाकघराचं दार लावून, मिक्सर बंद ठेवायला सांगून, त्यांनी तो रेकॉर्ड केला होता.

पुढच्याच वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू सावरला, काठी घेऊन चालायला लागले. तोंडात मात्र एकच शब्द उरला. ‘हो.’ हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. चहा देऊ का, हो. मग कप पुढे केला की हात आडवा. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. मी भूगोल शिकवण्यात नोकरी घालवली. न बोलणारी मुलं पाहिली होती, पण सगळं ठाऊक असून न बोलता येणारा माणूस घरात कसा वागवायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

डबा मात्र बोलत राहिला. बाहेरून येताना जिन्यात ह्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि दार उघडलं की हे खुर्चीत गप्प बसलेले असायचे. सुरुवातीला मला ते सोसायचं नाही. नंतर त्याच्याशिवाय करमेना.

मग डबा अडखळायला लागला. “टाकी भरली आहे” म्हणून थांबायचा. पंपाचं पुढे येईचना. कधी दुपारभर गप्प, आणि गच्चीवरून पाण्याची धार. वॉचमन वायर काढून पुन्हा लावायचा, की तात्पुरता चालू. एक दिवस हे काठी टेकत जिन्यात गेले, डब्याचं झाकण उघडून बराच वेळ बघत राहिले. वर येऊन त्यांनी मला डाव्या हाताची दोन बोटं दाखवली.

मी विचारलं, दोन काय? गोळ्या? हो. मी गोळ्या आणल्या, तर मान फिरवली. दोन पोळ्या? हो. तेही नाही. दुपारभर मी ‘दोन’च्या मागे हिंडत होते. शेवटी त्यांनी स्वतः उठून टेबलाचा खण उपसला आणि एक कोरं कार्ड माझ्या हातात ठेवलं. डब्यातल्या कार्डासारखंच. मग पुन्हा दोन बोटं. म्हणजे एकाची दोन करायची होती, एवढं मला कळलं. कसं, ते नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवलं की हल्ली तयार यंत्र मिळतं, टाकी भरली की पंप आपोआप बंद, हा डबा काढून टाकू. कुणाचा वाईट हेतू नव्हता. मी म्हटलं, थोडे दिवस थांबा. त्यांनी मान्य केलं.

मी ह्यांच्या जुन्या मित्राला फोन केला. दोघं एकाच खात्यात होते; मी त्यांना भाऊजी म्हणते. ते डोंबिवलीतच राहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की कार्ड मरायला आलेलं दिसतंय, त्यातल्या सगळ्याचा बॅकअप घ्यायला हवा, नाहीतर एक दिवस डबा कायमचा बसेल. मी विचारलं, तुम्हाला येतं का? ते म्हणाले, “वहिनी, मी प्रेशर मोजणाऱ्या मीटरवाला माणूस. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. पण मी येतो, बघू काय होतंय.”

रविवारी ते आले. ह्यांचा लॅपटॉप आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडला. एका बाजूला मी, एका बाजूला भाऊजी, मधे हे. डब्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, तर पडद्यावर लगेच सूचना आली की हे वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का? मला वाटलं, यंत्र अदबीने विचारतंय, तर करायचं असेल. मी ह्यांना विचारलं, करायचं ना? हे म्हणाले हो. मी बाण त्या बटणावर नेला, आणि ह्यांनी डाव्या हाताने कार्डच उपसून काढलं. चेहरा लाल झाला होता. “हो, हो, हो,” म्हणत ते टेबलावर थापा मारत होते. भाऊजींनी मग फोनवर शोधून वाचलं. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. ह्या कार्डाची लिपी आपल्या लॅपटॉपला वाचता येत नाही, म्हणून तो ते कोरं समजतो. मी आतून सगळ्यांना पाणी आणून दिलं.

नंतर आम्ही त्या सूचनेला नको म्हटलं. कार्डाचा एक लहान भाग तेवढा उघडत होता, त्यातल्या फायली दिसत होत्या. त्या सगळ्या आम्ही नव्या कार्डावर उतरवल्या आणि ते डब्यात घातलं. लाल दिवा लागला. हिरवा लुकलुकायला हवा होता, तो नाही. भाऊजी म्हणाले, “सगळं घेतलं की आपण. मग राहिलं काय?” ह्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. जुनं कार्ड परत घातलं, डबा अडखळत सुरू झाला. भाऊजी संध्याकाळी घरी गेले.

आठवड्यातून एकदा मी ह्यांना घोडबंदर रोडला बोलण्याच्या उपचारांसाठी नेते. तिथल्या बाई तरुण आहेत, फार मायेने वागतात. ‘पाणी’, ‘चहा’, ‘ये’, असे शब्द त्या महिनोन् महिने घोटून घेत होत्या आणि हे घामेजून जायचे. त्या दिवशी मी त्यांना कार्डाची सगळी हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, “काकू, ‘हो की नाही’ असं विचारूच नका. वस्तू समोर ठेवा आणि दाखवायला सांगा.” परतताना कासारवडवलीजवळ गाड्या ठप्प झाल्या होत्या. मी रिक्षात बसून समोर काय काय ठेवता येईल याचा विचार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी दोन वाट्या ठेवल्या. एकीत जुनं कार्ड आहे असं समजा म्हटलं, दुसरीत नवं. यातून त्यात कसं न्यायचं ते दाखवा. ह्यांनी बराच वेळ वाट्यांकडे पाहिलं. मग पहिल्या वाटीत पाणी ओतलं. ते दुसरीत ओततील असं मला वाटत होतं, पण त्यांनी ते तांब्यात ओतलं. तांब्या उचलून लॅपटॉपशेजारी ठेवला. आणि मग तांब्यातून दुसऱ्या वाटीत. वाटी भरून थोडं पाणी ताटात सांडलं. हात थरथरला म्हणून सांडलं, की मुद्दाम सांडलं, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही. पण आधी सगळं लॅपटॉपमध्ये घ्यायचं आणि तिथून नव्या कार्डात ओतायचं, एवढं ध्यानात आलं. सुट्या फायली उचलून भागायचं नव्हतं. कार्ड आख्खंच्या आख्खं घ्यायचं होतं.

भाऊजी पुन्हा आले. ह्यांच्या लॅपटॉपमध्ये त्या कामाचा एक प्रोग्राम आहे हे ह्यांनीच बोटाने दाखवलं. उघडला तर त्यात फार काही नव्हतं. फाइल निवडायची एक चौकट, आणि दोन बटणं. एक ‘रीड’, एक ‘राइट’. चौकटीत एक फाइल आधीपासूनच निवडलेली दिसत होती. भाऊजी म्हणाले, बॅकअप लिहून ठेवायचा आहे, म्हणजे राइट. मलाही ते पटलं. वाचून काय होणार, लिहिलं तरच उरणार. जुनं कार्ड लॅपटॉपला लावलेलं होतं. भाऊजींनी बाण राइटवर नेला.

“उलटं.”

मी दाराकडे बघितलं. कुणी आलं असेल असं वाटलं. भाऊजींचा हात तसाच राहिला. हे पडद्याकडे बघत होते, आणि तेही गोंधळलेले दिसत होते, जणू त्यांनाही आवाज कुठून आला ते कळलं नव्हतं.

“काय म्हणालास?” भाऊजींनी विचारलं.

ह्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले. मग “हो” आला. पण बोट ‘रीड’वर होतं.

आम्ही रीड दाबलं. किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी हळूहळू सरकायला लागली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो, पण मला वाटतं, पट्टी कुणालाच दिसत नव्हती. भाऊजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. नंतर त्यांनी वाचून सांगितलं की चौकटीतली ती फाइल पहिल्या दिवसाची होती, कोऱ्या यंत्रात घालायची. राइट दाबलं असतं तर ती जुन्या कार्डावर बसली असती आणि ह्यांनी केलेलं सगळं, आवाजासकट, गेलं असतं.

अजून एक अडचण उरली होती. लॅपटॉपमध्ये घेतलेली फाइल नव्या कार्डात मावेना. दोन्ही कार्डांवर आकडा एकच छापलेला, तरी जागा कमी पडते म्हणून प्रोग्राम अडून बसला. भाऊजींनी पुन्हा शोधलं, तर सारखा आकडा असला तरी एका कंपनीचं कार्ड दुसरीच्या कार्डापेक्षा किंचित लहान निघतं म्हणे. मला ताटात सांडलेलं पाणी आठवलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले, किंवा एकच खांदा, दुसरा उडत नाही.

स्टेशनजवळच्या दुकानातून मी मोठं कार्ड आणलं. त्यात फाइल मावली. ते डब्यात घातलं, हिरवा दिवा लुकलुकला, आणि दुपारी टाकी भरल्यावर जिन्यात पूर्ण वाक्य ऐकू आलं. वॉचमनने पंप बंद केला. सोसायटीत तयार यंत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. लॅपटॉपमधल्या त्या फाइलची एक प्रत भाऊजी डोंबिवलीला घेऊन गेले. दोन घरांत असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

घोडबंदरच्या बाईंना मी तो शब्द सांगितला. त्या खूश झाल्या, त्यांनी ह्यांच्याकडून तो पुन्हा म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. वाटी उलटी ठेवली, चप्पल उलटी ठेवली, चित्र उलटं धरलं. नाही आला. त्या म्हणाल्या, शोधायला गेलं की शब्द लपतो, लक्ष दुसरीकडे असलं की निसटून बाहेर येतो, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. मला त्यातलं अर्धंच समजलं.

पावसाळा संपता संपता एकदा मी ह्यांना भात वाढत होते. माझं लक्ष नव्हतं, गॅसवर आमटी होती. ह्यांनी डावा हात पुढे केला आणि अगदी स्पष्ट म्हणाले, “बस.”

पुरे म्हणाले की बैस म्हणाले, मला कळेना. विचारण्यात अर्थ नव्हता. मी भाताचा डाव खाली ठेवला, गॅस बंद केला, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.