तिने न पाहिलेला देव

शारजात अल मजाजला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तमिळ कुटुंब राहतं. त्या घरातल्या बाईंना माझी बायको अक्का म्हणायची. तिची दुसरी केमोही वाया गेली आणि डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून "आता त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या" असं सांगितलं, त्याच आठवड्यात अक्कांनी मलेशियाचा विषय काढला. क्वालालंपूरजवळ डोंगरात गुहा आहेत, गुहेत मंदिर आहे, आणि त्यांच्या बहिणीला तिथल्या देवाने मरणाच्या दारातून परत आणलं होतं.

"सीढ़ी नहीं चढ़ सकी तो कोई बात नहीं, दीदी. मूर्ति बाहर है, बहुत बड़ी. नीचे से देख लेना. बस, देखना है."

माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांनी स्वतःची पुस्तकं वापरायला दिली म्हणून मी बी.एस्सी. झालो, आणि त्या पदवीनेच मला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये आणून उभं केलं. दर्शनाने गाठ विरघळत नाही हे मला कळत होतं. पण कळून करायचं काय? मॅनेजरने एका शब्दावर रजा दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. निघण्याआधी फोनवर फोटो दाखवू लागलो तर बायको म्हणाली, "आत्ता नको. तिथेच पहिल्यांदा बघीन."

गुहांच्या स्टेशनातून बाहेर पडलो की आधी हिरवागार, उंच मारुती लागतो. तिने चपला काढून त्याला हात जोडले. कितीतरी दिवसांनी ती खूश दिसत होती. तिथूनच तिने अक्कांना व्हिडिओ कॉल लावला.

"अक्का, पहुँच गए. आपके भगवान का नाम क्या लूँ?"

"मुरुगन बोलो, दीदी. शिवजी का बेटा. अपने गणपति का भाई."

तिने फोन बंद केला आणि मला विचारलं, "गणपतीला भाऊ किती हो?"

"एकच," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडे सवाष्ण बाई कार्तिकस्वामीचं दर्शन घेत नाही. घेतलं तर सात जन्म वैधव्य येतं म्हणतात. गावच्या शंकराच्या देवळात त्याची वेगळी खोली होती, आणि तिच्यावरून जाताना आई माझ्या बहिणीची मान हाताने दुसरीकडे वळवायची. पण तो कार्तिकस्वामी सहा तोंडांचा, मोरावर बसलेला. फोटोतला हा सोनेरी, एका तोंडाचा, भाला घेऊन उभा राहिलेला देव मला ओळखू आला नव्हता. आणि अक्कांचं देवघर आमच्यासारखंच कपाटात, दाराआड. आम्ही ते कधी उघडं पाहिलंच नव्हतं.

बायकोने ओढणी कपाळावरून खाली ओढली. बरोबर आलेली आमची मुलगी वैतागली. "आई, दॅट्स सो सिली! अक्का आंटी सीज हिम एव्हरी डे. अंकल इज फाइन."

"अंकल तमिळ आहेत," बायको म्हणाली. "तुझे बाबा नाहीत."

मुलीने तिला हाताला धरून अंगणात आणलं. ती खाली, पायांजवळच्या कबुतरांकडे बघत चालली, आणि सावलीतल्या कट्ट्यावर देवाकडे पाठ करून बसली. मुलगी पाण्याची बाटली आणायला गेली. मी समोर बसलो. तिच्या डोक्यावरून मला तो दिसत होता. मागे डोंगर, रंगवलेला जिना, जिन्यावर माकडं, आणि या सगळ्यांच्या पुढे हा, उन्हात लखलखणारा. एवढा मोठा की त्याला न बघणं हेच कष्टाचं काम होतं.

"अगं, नीट विचार कर," मी म्हणालो. "तू पाहिलंस तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे काय होणार? मी तुझ्याआधी जाणार. म्हणजे तू राहणार ना?"

ती हसली. "याच्यासाठी बी.एस्सी. झालात?"

"मी चेष्टा करत नाहीये. एकदाच मान फिरव."

"आणि हिला घेऊन मी कुठे जाऊ? व्हिसा तुमच्या नोकरीवर आहे. मी गेले तर हिची शाळा तरी चालू राहील. तुम्ही गेलात तर आम्ही दोघी गावाला." बोलताना तिला धाप लागली. हे तिने आज ठरवलेलं नव्हतं, कधीचंच ठरवून ठेवलं होतं. "खलास. आता तो विषय नको. तुम्ही वर जाऊन या. पुरुषांना चालतं."

मी गेलो. गुहेचं छत खूप उंच होतं, भिंतींवरून पाणी ठिबकत होतं, एका ठिकाणी वरून उघडं आकाश दिसत होतं. तिथे उभा राहून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाशी सौदा केला. तिला ठेव, मला ने. मनात शंका होती की सौदा तिच्या बघण्यावर ठरतो, माझ्या बोलण्यावर नाही.

खाली आलो तर ती तशीच पाठ करून बसलेली.

"मागितलंत?"

"हो."

काय मागितलं ते तिने विचारलं नाही. परत जाताना ट्रेनमध्येही ती खिडकीकडे पाठ करून बसली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. भाड्याचा हॉस्पिटल बेड आम्ही घरीच, खालचा तलाव दिसेल असा खिडकीशी लावला. शेवटी शेवटी ती गुंगीतच असायची, डोळे अर्धे उघडे. एका दुपारी मुलीने काढलेला त्या मूर्तीचा फोटो मी फोनवर मोठा केला आणि तिच्या चेहऱ्यासमोर धरला. "अगं, बघ ना." तिची नजर फोनवर होती की फोनच्या पलीकडे, ते मला सांगता येत नाही. हात दुखेपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला.

ती त्याच आठवड्यात गेली. अक्का आल्या, तिच्या कपाळाला भस्म लावलं आणि मला रडत विचारू लागल्या, "भैया, इतनी दूर जाकर दीदी ने देखा क्यों नहीं?"

मुलीची शाळा चालू आहे. गेल्या महिन्यात व्हिसा रिन्यू करायला मेडिकलला गेलो. रक्त घेतलं, छातीचा एक्स-रे काढला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये असताना फोनवर निकाल आला. फिट.

म्हणजे तिने पाहिलं नव्हतं.