डाव्या कार्बोरेटरचा दीड आटा

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे उरले असताना फुईने फोनवर सांगून टाकलं, "मुराळी गाडी लईसन उना तं मी येसू. नही तं ऱ्हाऊ द्या."

आत्याला आम्ही फुई म्हणतो. ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. अमळनेरला असते, ऐंशीच्या घरात आली आहे. आखाजीला सासरी गेलेल्या लेकीबाळींना आणायला माहेरचं माणूस जातं, तो मुराळी. पन्नास-साठ वर्षं फुईचे मुराळी आबाच, आणि त्यातली बरीच वर्षं ते तिला आणायला जायचे ते त्यांच्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवर. ही गाडी माझ्याहून वर्षाने मोठी आहे. चार वर्षांपूर्वी आबांचे गुडघे गेले, किक मारवेना, गाडी पडवीत उभी राहिली आणि फुई यायची थांबली. दर वर्षी आम्ही कार पाठवायचो. दर वर्षी तिचं काहीतरी निघायचं. ऊन सोसत नाही, पापड राहिलेत, म्हैस व्यायची आहे. आबा म्हणायचे, "नही ऊनी तं नही ऊनी," आणि त्या दिवशी आमरसाची वाटी बाजूला सारून पोट बिघडलंय म्हणायचे. आबांचं पोट बरोबर आखाजीलाच बिघडतं, हे चार वर्षं बघितलं.

म्हणून मी म्हटलं, गाडी मी चालू करते, मुराळी मी होते.

आबांनी चष्म्यावरून बघितलं. "मुराळी गडीमाणूस ऱ्हास."

"गाडीला ते कळत नाही, आबा."

मी धुळ्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आबा चौथी शिकलेले, जिनिंगमध्ये फिटर होते. आई अंगठा लावायची. पदवीचा कागद मी फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावलाय, आलेल्याला आधी तोच दिसतो, आणि मला त्याची लाज नाही. हे सांगायचं कारण, पुढच्या तीन आठवड्यांत त्या कागदाने मला काडीचीही मदत केली नाही.

सुरुवात बरी झाली. टाकी धुतली, जेट साफ केले, प्लग बदलले, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं. सतराव्या किकला गाडीने पडवी धुराने भरून टाकली. शेजारचे रिटायर झालेले नाना कंपाउंडवरून वाकून म्हणाले, "मॅडम, डासांचं औषध मारताय का?" पण गाडी उभ्या जागी छान फटफटत होती. ॲक्सिलरेटर दिला की मात्र खोकायची, एका अंगाने ओढायची.

कारण मला माहीत होतं. दोन सिलिंडर, म्हणून दोन कार्बोरेटर. प्रत्येकात एक स्लाईड असते, ती वर गेली की हवा-पेट्रोल आत जातं. मुठीतून एक केबल निघते, टाकीखाली तिच्या दोन होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही स्लाईड एकदम उचलल्या पाहिजेत. एक आधी, एक नंतर, असं झालं तर एक सिलिंडर काम करतं आणि दुसरं त्याच्या जिवावर बसतं. प्रत्येक कार्बोरेटरच्या डोक्यावर एक बारीक ॲडजस्टर असतो, खाली त्याला घट्ट धरणारा चेकनट. चेकनट सैल करायचा, ॲडजस्टर आट्या-आट्याने, म्हणजे एकेक फेरा, फिरवायचा, केबल ताणायची नाहीतर सैल सोडायची. झालं. बारावीच्या पोराला समजेल इतकं सोपं.

पहिल्या रविवारी मी एअर फिल्टरचे रबर काढले, एकाच मापाची दोन ड्रिल बिट घेतली आणि दोन्ही स्लाईडखाली त्यांची मागची गुळगुळीत टोकं अडकवली. मूठ हळू फिरवायची. दोन्ही बिट एकाच क्षणी खाली कलली पाहिजेत. डावं मागे राहत होतं. डावीकडची केबल ताणली. पुन्हा. आणखी थोडी. दुपारी दोन वाजता, अंगावर घामाच्या धारा, नखांत काळं, आणि दोन्ही बिट एकदम कलली. मी ओरडलेच.

आबा खाटेवरून म्हणाले, "काय करी ऱ्हायनी माय? एक बैल जरा मांगे ऱ्हाऊ दे."

"आबा, ही बैलजोडी नाही. इंजिन आहे."

"जोडीच शे."

 फिटर माणसाशी इंजिनवरून वाद घालायचा नाही, एवढं शहाणपण होतं. पण मनात म्हटलं, चौथी.

मंगळवारी कॉलेजातून आले, गाडी काढली, कॉलनीत फेरी मारायला निघाले. खोकली. पुन्हा एका अंगाने. पुन्हा रबर काढले, बिट अडकवली. डावी स्लाईड मागे!

हादऱ्याने चेकनट सैल झाला असेल म्हणून पक्का आवळला. गुरुवारी पुन्हा तेच. केबलच जुनी झाली असेल, आतून ताणली जात असेल, असं वाटलं. धुळ्यात ती केबल मिळेना. दुसऱ्या रविवारी मी एसटीने जळगावला गेले, जुन्या गाड्यांचे पार्ट ठेवणाऱ्या एका दुकानात. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, कोणी पुरुष येतोय का म्हणून.

"साहेबांना पाठवायचं ना ताई. गाडी बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

"गाडी मीच बघते. दोन कार्बोरेटरची केबल आहे का नाही, तेवढं सांगा."

"दोन सिलिंडरची? अरे वा. विकायची आहे का?"

केबल होती. ती त्याने माळ्यावरून काढेपर्यंत गाडी विकायची आहे का हे चार वेळा विचारलं. येताना एसटीत मांडीवर केबलचं भेंडोळं घेऊन मी बारावीचे पेपर तपासत होते. एका पोराने लिहिलं होतं की दाब म्हणजे आई-वडील देतात तो. मी त्याला अर्धा गुण दिला, इतकी वैतागले होते.

नवी केबल टाकली. सोमवारी जुळवलं. बुधवारी डावी मागे.

आता मी रडकुंडीला आले. आखाजी पाच दिवसांवर. नाना कंपाउंडवरून म्हणाले, "मॅडम, भंगारवाल्याला द्या, निदान त्या पैशात आखाजीचा झोका तरी बांधून होईल." फुईच्या मुलाचा फोन आला, तिला कारने पाठवू का विचारायला. मी म्हटलं, नको. आबा आतून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पाठवू दे. ती बठनार नही, पन पाठवू दे." त्या आवाजाने मला आणखी चीड आली.

बुधवारीच मी शेवटचं जुळवलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत करते तसं केलं. खूण केली. लाल नेलपॉलिशने ॲडजस्टरवर एक ठिपका आणि त्याच्या सरळ रेषेत चेकनटवर एक. हादऱ्याने फिरलं तर थोडंसं फिरेल. एवढंच बघायचं होतं.

गुरुवारी आले. दोन्ही ठिपके एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूला. हादऱ्याने असं होत नाही. शिवाय चेकनट माझ्याहून चांगला आवळलेला होता.

शुक्रवारी दुपारचा तास दुसऱ्या मॅडमना दिला आणि एकला घरी आले. पडवीत प्लास्टिकच्या स्टुलावर आबा बसले होते. एक हात टाकीखाली, दुसऱ्या हातात दहा नंबरचा पाना. मला बघून पाना लुंगीखाली घेतला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस!

"आबा!"

"काय?"

"तुम्ही करताय हे? दोन आठवडे? मी जळगावला जाऊन केबल आणली!"

"जुनी केबल चांगली व्हती," आबा म्हणाले. "मी कोठे सांगं तुले आनाले?"

"कशाला बिघडवता पण?"

"बिघाडस नही. तिले बठाडनं शे."

"फुईला बसवायचंय म्हणून तर मी जुळवतेय! दोन्ही एकदम उचलली तर गाडी सरळ चालेल, हे तुम्हाला कळत नाही?"

इथे मी चुकले. दोनदा. एक तर फिटर माणसाला कळत नाही म्हटलं. आणि "का" विचारलं नाही. वर्गात मी पोरांना सांगते की का विचारा, का विचारा. घरी विचारलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर होतं. आबा उठले, भिंतीला धरून आत गेले आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

मी पुन्हा जुळवलं. मग घरातले दहा नंबरचे सगळे पाने गोळा केले, तीन निघाले, आणि पर्समध्ये टाकले. झोपताना पर्स उशाशी घेतली.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला निघाले. आबा दारात उभे होते. त्यांनी टाकीवर हात ठेवून काढून घेतला. गाडी अशी पळाली की काय सांगू. दोन्ही सिलिंडर एका आवाजात. वाटेत एकदाही खोकली नाही. मी मोठ्याने स्वतःलाच शाबासकी दिली, हेल्मेटच्या आत.

फुई ओट्यावर तयार बसली होती. नवं लुगडं, कडेला कुरडयांचा डबा. मला बघून म्हणाली, "तुना बाप कोठे शे?"

"गुडघे दुखतात. मी मुराळी."

"तू?" तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं. मुराळी तं मुराळी. ते डोक्यावरचं माले नको."

हेल्मेटवर दहा मिनिटं भांडण झालं. शेवटी पदरावर हेल्मेट, हेल्मेटवर पुन्हा पदर, अशी ती एका बाजूला पाय सोडून मागे बसली. डबा मांडीवर. मी क्लच सोडला, मूठ जरा दिली, आणि गाडीने पुढे उडी घेतली. फुईने माझी मानच धरली.

"थांब! थांब म्हनस ना!"

ती उतरली. डबा ओट्यावर ठेवला. "हाई ती गाडी नही."

"तीच आहे फुई. चाळीस वर्षांची."

"ती अशी उडी मारे नही." आणि तिने बाही वर केली. कोपरावर जुना पांढरा व्रण होता, लांबच्या लांब. मी तो लहानपणापासून बघत आले होते, कधी विचारलं नव्हतं. गाडी नवीन घेतली त्या आखाजीला, म्हणाली, धुळ्याच्या अलीकडे तुझ्या बापाने अशीच उडी मारली. मी रस्त्यावर. कुरडयांचा चुरा. मी म्हटलं, आता पायी येईन, पण यावर बसणार नाही. तर तो तिथेच मातीत बसला, पाना काढला, आणि म्हणाला, अक्का, डावा बैल मागे ठेवतो, म्हणजे एक आधी ओढेल, दुसरा मागून हात लावेल, तुला कळणारही नाही. मग बसले. "तवापासून दर साल मी ईचारस, डावा बैल मांगे करं का? तो सांगे, करं. मंग मी बठस."

 मी म्हटलं, "कारमध्ये तरी यायचं होतं मग. चार वर्षं."

फुई इकडेतिकडे बघून हळू म्हणाली, "कारमा उलटी व्हस माले. एसटीमा बी. पोराले सांगाले लाज वाटस."

चार वर्षं! चार वर्षं आबांचं पोट बिघडत होतं आणि कारण हे होतं! कोणी एक वाक्य बोललं नाही. ह्या बहीण-भावांना गाडीतलं सगळं सांगता येतं, तोंडाने सांगायचं तेवढं येत नाही. आणि मी तरी काय वेगळं केलं?

मी रस्त्याच्या कडेला बसले. पर्समधून पाना काढला. चेकनट सैल केला.

"किती?" मी विचारलं. स्वतःलाच विचारलं होतं.

"दीड आटा," फुई वरून म्हणाली. "डावा. ढिला कर."

अक्षरओळख नसलेली बाई. दीड आटा. मी फिरवला. लाल ठिपके बरोबर विरुद्ध बाजूंना गेले, एक इकडे, एक तिकडे, आबांनी ठेवले होते तसे. फुई बसली. क्लच सोडला. गाडी जराशी खोकली, एका अंगाने ओढली आणि बैलगाडीसारखी हळूच निघाली. माझ्या कानाला तो आवाज धुळ्यापर्यंत टोचत होता. मागून फुई मला शेतं दाखवत होती, कोणाचं कुठलं, कोणी विकलं.

आबा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होते, त्याच प्लास्टिकच्या स्टुलावर. नाना म्हणाले की सातपासून बसलेत. गाडी थांबली. आबांनी बहिणीकडे बघायच्या आधी टाकीखाली हात घातला, बोटाने ॲडजस्टर चाचपला, आणि मग म्हणाले, "ऊनी का?"

"ऊनी. पोरगी बरी चालाडस. पन पहिले उडी मारी."

"मी सांगं व्हतं तिले."

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "बैल सांगितला."

कोणी लक्ष दिलं नाही. ते दोघं कुरडयांचा डबा धरून आत निघाले होते, कोणी धरायचा यावर भांडत. दुसऱ्या दिवशी आबांनी आमरसाच्या तीन वाट्या खाल्ल्या आणि माझ्याकडे हात पुढे केला. "पाने दे."

मी दोन दिले. तिसरा पर्समध्येच ठेवलाय. फुईला परत पोचवायला मीच जाणार आहे, आणि त्या चेकनटवर माझा अजून विश्वास नाही.