गोठलेल्या गाडीचा पंचनामा

ती सकाळ आजही आठवते आणि आजही माझं डोकं भडकतं. तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, पण सगळ्यात वाईट तपास मी निवृत्तीनंतर केला. अमेरिकेत, ॲन आर्बरला, मुलाच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये.

मुलगा कामासाठी बाहेरगावी होता. नऊ वाजता सुनेची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा. पाच वर्षांची मेहनत त्या एका सकाळवर आली होती. सून आणि मी आठला खाली उतरलो, तर गाडीची पुढची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेली.

तळमजल्यावरच्या एका मावशींनी दार किलकिलं करून खबर दिली, "तो समोरचा नागपूरचा स्टुडंट मघाशी तुमच्या गाडीला खांदे मारत होता. मी विंडोतून पाहिलं."

खबर आली की आधी पडताळायची, हे मी कितीतरी शिपायांना दरडावून शिकवलं. त्या दिवशी पडताळणी गेली खड्ड्यात. तो चार गाड्या सोडून स्वतःच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. मी त्याला बोलावलं आणि ठाण्यात लावायचो तोच आवाज लावला.

"आमच्या गाडीला खांदे का मारत होतास?"

"काका, डोअर फ्रीझ झालं होतं. ओढलं तर रबर फाटतं, म्हणून बाहेरून प्रेस करून लूज केलं. वहिनींनीच काल सांगितलं होतं."

"हो बाबा, मीच सांगितलं होतं," सून म्हणाली. "प्लीज, लेट होतंय."

"मग काच कोणी फोडली?"

तो बुटांकडे बघू लागला. "जाऊ द्या ना, काका. मी वहिनींना ड्रॉप करतो."

जाऊ द्या? माझा पारा चढला. उत्तर टाळतो तो गुन्हेगार, हा माझा नोकरीभरचा आडाखा. मी त्याला नाही नाही ते बोललो, त्याच्या आईवडिलांपर्यंत गेलो. सून रडकुंडीला आली.

मग माझं लक्ष बॉनेटवर गेलं. सगळीकडे भुरभुरीत पांढरा बर्फ, पण काचेखाली पाण्याचे ओघळ जसेच्या तसे गोठलेले. कोणीतरी पाणी ओतलं होतं.

तेवढ्यात माझी पत्नी वाफाळतं तपेलं सांभाळत जिना उतरली.

"थांबा, बाजूच्या काचा राहिल्यात. काल तुम्हीच म्हणालात ना, हे लोक खरवडत काय बसतात, उकळतं पाणी ओतलं की दोन मिनिटांत मोकळं!"

म्हणालो होतो. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी पडलं की ती तडकते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं म्हणायची सवय तर त्याहून नव्हती.

"तू हिला ओतताना पाहिलंस?" मी त्याला विचारलं.

"हो. पण काकूंचं नाव कसं सांगणार? सॉरी, काका."

सॉरी तो म्हणाला, मी नाही. त्याने सुनेला आपल्या गाडीत बसवलं आणि वेळेत पोहोचवलं. ती पास झाली ती त्याच्यामुळे. माफी मी संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन मागितली. त्याने हसून विषय सोडला. माझा स्वतःवरचा राग काही सुटला नाही.

कारण नोकरीत एका चोरीच्या तपासात मी एका घरकाम करणाऱ्या बाईंना दोन दिवस ठाण्यातल्या बाकावर बसवलं होतं. त्या गप्प राहिल्या, एवढ्यावरून. माल नंतर भलतीकडेच सापडला. त्या कोणासाठी गप्प होत्या, हे मी कधी विचारलंही नाही. त्यांच्यासाठी हातात तपेलं घेऊन जिना उतरणारं कोणी नव्हतं.